टायर मडगार्डला का घासतो?

गाडी सपाट जागी उभी असताना टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं सहज जातात, तेवढ्या भरवशावर मोठा टायर घालणं धोक्याचं आहे. चाक वर किती चढतं आणि त्याच क्षणी किती वळलेलं असतं, हिशेब त्याचा करायला हवा.

नेहमीचं उदाहरण घेऊ. कंपनीचा टायर 185/65 आर 15. खड्ड्यांसाठी उंची हवी म्हणून मालक 205/65 घालतो. व्यास 621.5 मिलिमीटरवरून 647.5 होतो. हबपासून टायरचा माथा 13 मिलिमीटर वर जातो, रुंदी दोन्ही अंगांनी 10-10 मिलिमीटर वाढते. शिवाय 45 ऐवजी 35 ऑफसेटची (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं मिलिमीटरमधलं अंतर) अलॉय व्हील घेतली, की चाक आणखी 10 मिलिमीटर बाहेर येतं. मग घाटातल्या वळणावर बाहेरच्या बाजूला भार येतो, तिथेच खड्डा लागतो आणि टायर खरडल्याचा आवाज येतो.

यावर स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर अडकवायचा सल्ला हमखास मिळतो. माझा त्याला विरोध आहे. स्प्रिंग कडक केली की चाक वरच्या टोकाला कमी वेळा पोचतं. पण ते टोक जिथल्या तिथेच राहतं. ते ठरवतो बंप स्टॉप, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरचा फोमचा ठोकळा. गाडी बसकी दिसावी म्हणून स्प्रिंग कापणारे तर चाकाला वर जायला उरलेली जागाच खाऊन टाकतात, आणि चाक लोंबकळलं की आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते.

आधी खुणा वाचा. पुढच्या प्लास्टिक लायनरवर गुळगुळीत, चकाकणारा पट्टा दिसला, तर टायर वळताना घासतोय. मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेचा रंग उडाला असेल, तर दोष भाराचा. मागच्या प्रत्येक चाकावर 100 किलो वाढले आणि तिथे स्प्रिंगचा दर मिलिमीटरला 25 न्यूटन असला, तर गाडी जवळजवळ 4 सेंटिमीटर बसते.

खरी तपासणी स्प्रिंग काढूनच होते. हे काम स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या फिटरकडूनच करून घ्या. दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. गाडी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, भक्कम ठेवायची, शॉकअप आणि बंप स्टॉप परत बसवायचे, जॅकने चाक बंप स्टॉप पुरता दबेपर्यंत उचलायचं आणि स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. पुठ्ठ्याची पट्टी सगळीकडून फिरवून पाहायची, आतल्या बाजूला शॉकअपजवळसुद्धा.

पट्टी वरती अडकली तर बंप स्टॉपखाली तेवढ्या जाडीची चकती घालावी. धक्का थोडा लवकर लागेल, पण चाक पत्र्यापर्यंत जाणार नाही. बाहेरच्या कडेला अडकली तर आधी कंपनीच्या ऑफसेटवर परत यावं. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, किंचित आत घेतल्यानेही माथा सरकतो, मात्र टायरची आतली कड लवकर झिजते. मडगार्डची कड वळवणं अगदी शेवटी, कारण रंग तडकला की तिथून गंज धरतो. एवढं करूनही भागलं नाही, तर 195/65 घ्यावा. त्यात माथा साडेसहा मिलिमीटरच वर जातो.