इंटरनेटवरील विक्री : सचोटी हेच भांडवल

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट जनतेसाठी खुले झाले. आज रत्नागिरीचा बागायतदार दलालावाचून थेट पुण्याच्या ग्राहकास हापूसची पेटी विकू शकतो. मात्र ग्राहकास फळ हाताळून पाहता येत नाही; त्याच्यापुढे असतो तो केवळ विक्रेत्याचा शब्द. म्हणून सचोटी हेच पहिले भांडवल होय. डागी फळ विनातक्रार बदलून देणाऱ्याकडेच ग्राहक पुढील हंगामात वळतो. स्वतःच ग्राहक बनून आपल्या मालाची स्तुती लिहिण्यास तर २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी मनाई केली आहे. प्रारंभी मागणी थोडी असते. तेथे चिकाटी लागते. हिशेबही चोख हवा : जाहिरात, वेष्टन व वाहतूक यांचा खर्च वजा जाता उरते तीच कमाई. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी तरुणांना संगणकाबरोबर हे गुणही शिकवावेत.