मेड ऑफ स्टोन : पुन्हा जुळलेल्या चौघांची गोष्ट
(मंडळाच्या मासिक कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



या कार्यक्रमात आजवर आपण नाटकांवर, कादंबऱ्यांवर, नाट्यसंगीतावर ऐकलं. मी आज एका इंग्रजी रॉक बँडवरच्या माहितीपटाबद्दल बोलणार आहे. मी सरकारी खात्यातला डिप्लोमावाला माणूस, संगीताचं शास्त्र मला कळत नाही. पण भांडण आणि अबोला कळतो, म्हणून उभा राहिलो.

बँडचं नाव ‘द स्टोन रोझेस’, गाव मँचेस्टर. गायक इयन ब्राउन आणि गिटारवाला जॉन स्क्वायर हे लहानपणी एकाच रस्त्यावर राहणारे मित्र. बेस वाजवणारा मॅनी आणि ड्रमवर रेनी. १९८९ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका आली आणि पोरं वेडी झाली. मग रेकॉर्ड कंपनीशी कोर्टकचेरी झाली आणि दुसरी ध्वनिमुद्रिका यायला १९९४ चा डिसेंबर उजाडला. पुढच्या वर्षी रेनी गेला, १९९६ मध्ये स्क्वायर गेला आणि त्याच वर्षी बँड संपला.

दोन बालमित्र त्यानंतर कित्येक वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. बँड पुन्हा उभा करायची आपली अजिबात इच्छा नाही, असं स्क्वायरने २००९ साली एका चित्रातच लिहून टाकलं होतं. २०११ मध्ये मॅनीची आई वारली. तिच्या अंत्यविधीला दोघं समोरासमोर आले आणि बोलले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चौघांनी पत्रकारांना बोलावून पुन्हा एकत्र येत असल्याचं जाहीर केलं.

तिथून पुढचं दिग्दर्शक शेन मेडोज यांनी टिपलं आणि २०१३ मध्ये ‘मेड ऑफ स्टोन’ हा माहितीपट आला. त्यात वॉरिंग्टन गावातला एक फुकट कार्यक्रम आहे. सभागृह हजारेक माणसांचं आणि घोषणा त्याच दिवशीची. प्रवेशासाठी बँडची जुनी रेकॉर्ड किंवा टी-शर्ट असं काहीतरी दाखवायचं. माणसं हातातलं काम टाकून धावत आलेली दिसतात. पोट सुटलेली, केस विरळ झालेली, म्हणजे आपल्याच वयाची. त्यांचे चेहरे पाहताना माझा घसा दाटला.

पण मला खरं शिकवलं ते ॲमस्टरडॅमच्या प्रसंगानं. तिथे कार्यक्रम संपत आला आणि रेनी निघून गेला. शेवटची गाणी झालीच नाहीत. गायकानं रागानं लोकांसमोरच ते सांगून टाकलं. दुसरा कुणी असता तर कॅमेरा घेऊन मागे धावला असता. मेडोज धावले नाहीत. त्यांनी त्या चौघांना त्यांचं भांडण त्यांच्यापुरतं ठेवू दिलं. काही दिवसांनी, जून २०१२ च्या अखेरीस, मँचेस्टरच्या हीटन पार्कमध्ये तोच बँड तीन दिवस वाजवत होता. तिकिटं गेली होती सुमारे २ लाख २० हजार.

म्हणजे एकत्र येण्याआधी भांडण मिटलेलं असावं लागत नाही. भांडण बरोबर घेऊनही वाजवता येतं. त्यांचं हे जुळणंही कायमचं नव्हतं. २०१७ मध्ये ग्लासगोला शेवटचा कार्यक्रम झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात मॅनी गेला. आता ते चौघं कधीच एकत्र वाजवणार नाहीत. पण मधली पाच-सहा वर्षं त्यांना मिळाली.

आपल्या मंडळाचाही एक वाद्यवृंद होता, हे जुन्यांना आठवत असेल. ढोलकी माझी, पेटी माझ्या मित्राची. पत्रिकेवर कुणाचं नाव आधी छापायचं यावरून तो मोडला. त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून आरतीला आम्ही मांडवाच्या दोन टोकांना उभे राहतो. तो मित्र आज इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे.

मित्रा, आपल्यातलं कुणी जाण्याची वाट नको पाहू या. ढोलकीला परवाच नवी पुडी चढवून आणली आहे. यंदाच्या पत्रिकेवर तुझं नाव आधी.

गणपती बाप्पा मोरया!