न दिसणारी लुकलुक व मुलांचे डोळे



मुळशी खोऱ्यास प्रकाशाची किंमत कोणी शिकवावयास नको. १९२१ साली सेनापती बापट प्रभृतींनी येथे धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी गावे बुडाली आणि १९२७ पासून हे पाणी घाट उतरून भिऱ्यास वीज निर्माण करू लागले.

विजेचा दिवा स्थिर दिसतो. पण आपल्याकडील प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असल्याने जुन्या पद्धतीची ट्यूब सेकंदास १०० वेळा कमीअधिक उजळते. १९८९ साली इंग्लंडात विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी, कोणते दिवे केव्हा लावले हे कर्मचाऱ्यांस कळू न देता, एका कचेरीत प्रयोग केला. लुकलुक नसलेल्या दिव्यांखाली डोकेदुखी व डोळ्यांचा शीण निम्म्याहून कमी झाला. म्हणजे डोळ्यांस न दिसणारी गोष्टही शरीरास जाणवते.

मोबाइलचेही तसेच आहे. अनेक मोबाइलांचा पडदा मंद केला म्हणजे तो सेकंदास शेकडो वेळा लागतो व विझतो. विझण्याचा काळ वाढला की आपणांस प्रकाश कमी झालासा वाटतो. सर्वांसच त्रास होतो असे नाही. परंतु ज्यांस होतो, त्यांची वेदना खरी असते.

घर लहान, मंडळी निजलेली. म्हणून मुलगी दिवा मालवून, पडदा अगदी मंद करून वाचत बसते. सकाळी कपाळ दुखते म्हणाली, तर वडील ती अभ्यासाची टाळाटाळ समजतात. आमच्या मते हा अन्याय होय. रागावण्यापूर्वी एक परीक्षा करावी. अंधारात मंद पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल वेगाने हलवावी; एकीच्या सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर पडदा लुकलुकतो असे जाणावे.

उपाय सोपे आहेत. खोलीत दिवा लावावा, पडद्याचे तेज मध्यम ठेवावे, लुकलुक कमी करण्याची सोय असल्यास ती सुरू करावी, मधून मधून दूर पाहावे. तरीही त्रास राहिल्यास नेत्रवैद्यांस दाखवावे. चष्म्याचा नंबरही कारण असू शकतो.

शेवटी एक विनंती. गावोगावच्या समाजमंदिरातील एक उजेडाची खोली रात्री मुलांच्या अभ्यासासाठी उघडी ठेवावी. ज्या खोऱ्याची शेते विजेसाठी गेली, त्याच्या लेकरांनी अंधारात डोळे शिणवावेत, हे आपणांस शोभत नाही.