शहराचा नकाशा आणि आपला सातबारा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज कापसाचा भाव बाजूला ठेवून मी शहराच्या नकाशावर बोलणार आहे. नवल वाटेल. पण गावाजवळून मोठा रस्ता गेला, की आपल्या वावराची किंमत पऱ्हाटीवर ठरत नाही, नकाशावरच्या रेघेवर ठरते. रेघेच्या अलीकडे निवासी पट्टा, पलीकडे शेती पट्टा. माती तीच, पाऊस तोच, भाव मात्र कितीतरी पट वेगळा. ही वाढ केली कोणी? मालकाने नाही, बिल्डरानेही नाही. रस्ता, पाणी, वीज आणि माणसांची वस्ती यांनी केली. मग ती जाते कोणाच्या खिशात?

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या हेन्री जॉर्जने १८७९ साली मांडले की समाजामुळे वाढलेली जमिनीची किंमत कराच्या रूपाने समाजाकडे परत यावी. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्डने १८९८ साली उद्याननगरीची कल्पना मांडली. शेतीच्या भावाने जमीन घ्या, तिच्यावर शहर वसवा आणि वाढलेले भाडे त्याच शहराच्या सोयींवर खर्च करा. १९०३ पासून लेचवर्थ गाव या विचाराने वसले. तिथल्या मालमत्तेचे उत्पन्न आजही गावासाठी वापरले जाते. पुढे १९७६ साली हार्वे मोलोच या समाजशास्त्रज्ञाने शहराला 'वाढीचे यंत्र' म्हटले. जमीनवाले, बांधकामवाले, वर्तमानपत्रे आणि पुढारी यांची आपापसात कितीही भांडणे असोत, जमिनीचा भाव चढवण्यासाठी ते एक होतात, असे त्याचे म्हणणे.

कोणी विचारेल, किंमत मालकाने वाढवली नाही, तर शेतकऱ्याने हिस्सा का मागावा? उत्तर सरळ आहे. शहर वसते तेव्हा बाकी सगळ्यांना काहीतरी मिळते. आपला मात्र धंदाच जातो. सगळी वाढ आमची, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याची उपजीविका गेली त्याला बाजूला सारून ती दुसऱ्याने खावी, हे कोणत्या न्यायात बसते?

आता आपल्याकडचे दाखले पाहा. नवी मुंबईसाठी १९७० साली सिडको स्थापन झाली. तिथल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले. जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. पाच जीव गेल्यावर जे मिळाले, ते पहिल्याच कागदावर लिहिता आले नसते का?

दुसरा दाखला पुण्याजवळच्या हडपसरचा. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि मगरपट्टा सिटी उभारली. जितकी जमीन, तितके भाग. पण लक्षात ठेवा, पुणे त्यांच्या दाराशी आले होते. गिऱ्हाईक तयार होते.

गिऱ्हाईक नसले, शहर नुसते कागदावर असले, तर काय होते ते आंध्रात दिसले. अमरावती राजधानीसाठी २०१५ साली शेतकऱ्यांनी तीस हजारांहून अधिक एकर जमीन दिली. बदल्यात विकसित भूखंड आणि दहा वर्षे वार्षिक रक्कम, कोरडवाहूला एकरी ३०,००० रुपयांपासून, बागायतीला ५०,००० पासून. भूमिहीन कुटुंबांना दरमहा २,५०० रुपये. ठराव वाईट नव्हता. पण २०१९ साली सरकार बदलले, तीन राजधान्यांची भाषा सुरू झाली आणि काम थांबले. शेती गेली होती, शहर आले नव्हते. शेतकरी रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले. २०२४ साली पुन्हा सरकार बदलले, तेव्हा काम हलले.

हे आपल्या वावरापासून दूर नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना असा आपल्याच कापूसपट्ट्यातून गेला. २०१६ साली त्यासाठी जमीन एकत्रीकरणाची योजना पुढे आली. पुष्कळ शेतकऱ्यांनी ती नाकारली आणि २०१७ पासून थेट खरेदी झाली. रस्ता २०२५ साली पूर्ण खुला झाला. रस्त्यासोबत नवनगरांची योजनाही आहे. शहराची रेघ आज ना उद्या आपल्या बांधाशी येणार.

म्हणून तीन कामे. पहिले, प्रारूप विकास आराखडा किंवा प्रादेशिक योजना प्रसिद्ध झाली, की गावात नकाशा लावून गट नंबरवार वाचा आणि नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्या. पोच घ्या. मोबदल्याची नोटीस येते तेव्हा भाव ठरून गेलेला असतो. दुसरे, एकट्याने इसार घेऊ नका. गावाने मिळून बोला, आणि ज्यांच्या नावे सातबारा नाही त्या मजुरांचा वाटा त्याच कागदात लिहून घ्या. तिसरे, जमीन एकत्रीकरणाला हो म्हणायचे तर मुदत लिहून घ्या. मुदतीत शहर उभे राहिले नाही तर जमीन परत, आणि तोपर्यंत दरवर्षी पिकाच्या नुकसानीची भरपाई.

आम्ही शहराच्या विरोधात नाही. आपलीच पोरे तिथे पोट भरतात. पण शहर आमच्या जमिनीवर उभे राहणार असेल, तर नकाशा काढताना आम्हाला बोलवा. बोलावले नाही, तर हरकतीचे अर्ज घेऊन आपण सगळे मिळून जाऊ.