वसिष्ठाचा जोडीदार टिपताना

सप्तर्षीतले वसिष्ठ आणि अरुंधती आपण नुसत्या डोळ्यांनी पाहतो. दुर्बीण लावली की खुद्द वसिष्ठाच्या जागीच दोन तारे दिसतात. त्यांच्यातलं अंतर साधारण 14 आर्कसेकंद. आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग. 1857 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत जॉर्ज बाँड यांनी या जोडीचं छायाचित्र काचेवर घेतलं. जोडताऱ्याचं ते पहिलं छायाचित्र!

धामणगाव बढ्यासारख्या गावाच्या शिवारातून आज हौशी निरीक्षकालाही हे जमेल. वसिष्ठ साधला की मिथुनेतला कॅस्टर घ्या. तिथं अंतर 5 ते 6 आर्कसेकंद. फेब्रुवारीत रात्री दहाच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे मधली हवा कमी लागते. खरी अडचण हवेचीच. तिच्या थरथरीनं दोन ठिपके एकमेकांत मिसळतात. म्हणून एकच लांब फोटो काढू नका. सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या हजारो चौकटींचा व्हिडिओ घ्या. हवा क्षणभर स्थिरावली तेव्हाच्या मोजक्या चौकटी संगणक निवडतो आणि एकावर एक रचतो. 150 मिलिमीटरची दुर्बीण तत्त्वतः पाऊण आर्कसेकंदापर्यंतची जोडी वेगळी दाखवते. दिवसभर तापलेल्या स्लॅबवर मात्र ती ठेवू नका. मोकळ्या मातीवर मांडा, आणि नळी निवावी म्हणून तासभर आधी.