डॉक्टर, झोप झाली का?



१० ऑक्टोबर. जगभर हा दिवस मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळतात. सोलापूरकरांना ही तारीख आणखी एका कारणानं जवळची आहे. १९१० साली याच दिवशी आपल्या गावात द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म झाला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात ते होते. १९४० च्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास, डोळ्याला डोळा न लावता, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते.

तिचा पुढचा भाग मात्र आपण भरभर उरकतो. ९ डिसेंबर १९४२ ला कोटणीस गेले. वय अवघं ३२. अपस्मारानं, म्हणजे फिट येण्याच्या आजारानं. फिट येणाऱ्या रुग्णाला आम्ही डॉक्टर गोळ्यांइतकंच बजावून सांगतो ते जागरण टाळायला, कारण झोप तुटली की फिट येण्याचा धोका वाढतो. चीनच्या त्या डोंगराळ मुलखात, तोफा चालू असताना, कोटणीसांना हे कोण सांगणार होतं? आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं, असं मला वाटत नाही.

डॉक्टरच्या जागरणाचं आपल्याला फार कौतुक आहे. आज मला त्या कौतुकाबद्दलच बोलायचं आहे.

एप्रिल २०२० मध्ये सोलापुरात करोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि सिव्हिलमध्ये, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, आणि गावातल्या इतरही रुग्णालयांत दिवसरात्रीचा हिशेबच राहिला नाही. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू! पारा चाळिशीच्या वर, आणि अंगावर नखशिखांत पीपीई किट. ते एकदा चढवलं की पाणी नाही, लघवीला जाणं नाही. हातमोजे काढताना आतून घाम ओघळायचा. चेहऱ्यावर मास्कचे वळ तासन् तास राहायचे.

हे कष्ट लोकांनी पाहिले, टाळ्याही वाजवल्या. ड्युटी संपल्यावर काय व्हायचं, ते फारसं कुणी पाहिलं नाही. रात्रपाळी करून सकाळी परतलेला तरुण डॉक्टर लॉजच्या नाहीतर हॉस्टेलच्या खोलीत एकटाच असायचा. घरी जायची सोय नव्हती, कारण घरात म्हातारे आईवडील. बाहेर रणरणतं ऊन, आत वरचा पंखा गरम हवा फेकतोय, आणि उशाशी फोन. कुणाला बेड हवाय, कुणाला रेमडेसिविर. पुढच्या वर्षी, २०२१ च्या एप्रिलमध्ये, ऑक्सिजन. फोन बंद ठेवावा तर मन खातं, चालू ठेवावा तर झोप नाही.

एका निवासी डॉक्टर मुलीनं मला सांगितलेलं विसरता येत नाही. ती म्हणाली, ‘सर, झोप लागली की मला मॉनिटरचा अलार्म ऐकू येतो. मी उठून बसते आणि चादर चाचपते, सॅचुरेशनची क्लिप निघाली का बघायला.’ रुग्णाच्या बोटाची क्लिप ती स्वतःच्या अंथरुणात शोधायची. दिवसभरात नातेवाइकांना फोनवर मृत्यूची बातमी द्यायचं कामही तिच्याकडेच असायचं. ती वाक्यं रात्री पुन्हा तोंडात यायची, असंही ती म्हणाली.

असं होणारी ती एकटी नव्हती. साथ चीनमध्ये भडकली तेव्हा, २०२० च्या सुरुवातीला, तिथल्या ३४ रुग्णालयांतल्या १२५७ डॉक्टर-परिचारिकांची पाहणी झाली. त्यांतल्या निम्म्या जणांत नैराश्याची लक्षणं होती आणि ३४ टक्क्यांना निद्रानाशाचा त्रास होता. या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध आहे. खिन्न माणसाची झोप उडते हे सगळ्यांना माहीत असतं. उलटंही तितकंच खरं आहे: झोप सतत मोडत राहिली की चांगला धडधाकट माणूसही चिडका, भित्रा, उदास होत जातो. दिवसभरातले कडू प्रसंग मेंदू झोपेत पचवतो. तो वेळच मिळाला नाही तर प्रत्येक मृत्यू ताजाच राहतो.

रुग्णाच्या बाजूनंही बघा. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, असं १९९७ मध्ये प्रयोगातून दिसलं. आपल्या कायद्यात वाहनचालकाला मर्यादा आहे ०.०३ टक्क्यांची. म्हणजे तेवढी पिऊन गाडी चालवणाऱ्याला सात रस्त्यावर पोलिसांनी अडवलं तर त्याच्यावर खटला होईल. तितक्याच मंदावलेल्या डॉक्टरच्या हातात मात्र आपण इंजेक्शनची सुई देतो, औषधाची मात्रा ठरवायला सांगतो, आणि वर शाबासकी देतो.

आपलं हे गिरणगाव. भोंगा झाला की पाळी संपली, दुसरा कामगार साच्यावर उभा राहिला, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी अंगवळणी पाडलेलं. डॉक्टरांच्या पाळीला तसा भोंगा नाही. नियम आहेत. १९९२ मध्येच केंद्र सरकारनं निवासी डॉक्टरांसाठी सांगितलं की सलग १२ तासांहून जास्त आणि आठवड्याला ४८ तासांहून जास्त काम देऊ नये. प्रत्यक्षात २४ आणि ३६ तासांच्या ड्युट्या चालूच राहिल्या, साथ नसतानाही. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटानं आठवड्याला ७४ तासांची मर्यादा, एक दिवस सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप सुचवली. ४८ वरून ७४ वर आलो याचं मला वाईट वाटतं. पण झोपेचे तास अधिकृत कागदावर आले, हे मी मोलाचं मानतो.

पुढच्या साथीची तयारी म्हणजे फक्त ऑक्सिजनच्या टाक्या नव्हेत. रात्रपाळीवाल्यांसाठी अंधाऱ्या, गार खोल्या हव्यात. रात्री दोननंतर आळीपाळीनं वीस मिनिटं पडायची मुभा हवी. त्या पहाटेच्या तासांत शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि चुका तेव्हाच होतात. नातेवाइकांचे फोन घ्यायला वेगळा माणूस हवा. नाईट करून निघालेल्याला स्कूटर न काढता घरी पोचवायची सोय हवी. यांतल्या एकाही गोष्टीला परदेशी यंत्र लागत नाही.

आता माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द. स्वतःच लिहून घेतलेली झोपेची गोळी हा उपचार नव्हे. साथ ओसरूनही पहाटे तीनला जाग येत असेल, वॉर्डकडे जाणारा जिना चढताना छातीत धडधडत असेल, तर सहकाऱ्याला सांगा, मनोविकारतज्ज्ञाला भेटा. सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आपण तो रुग्णांना लिहून देतो, तो स्वतःही फिरवा.