कर कोणाचा, रस्ता कोणाचा?



‘कर’ हा शब्द कानावर पडला की आपल्या कपाळाला आठी पडते. घरपट्टीची मागणी आली की आपण म्हणतो, “यांना दुसरा उद्योग नाही!” कर हवा असतो तो सरकारला आणि नको असतो तो रयतेला, असे आपण धरूनच चालतो. पण नगरपालिकाच उभी राहून म्हणू लागली की “हा कर वाढवू नका,” तर? असे घडले आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिस भागात, २०१६ साली. ती हकीकत आज सांगायची आहे.

प्रथम तिथली व्यवस्था पाहू. तिकडे ‘काउंटी’ असते. आपल्या जिल्ह्यासारखी समजा. लॉस एंजेलिस काउंटीत ८८ शहरे आणि सुमारे एक कोटी वस्ती. त्यातले लॉस एंजेलिस शहर जवळजवळ चाळीस लाखांचे, तर सांता फे स्प्रिंग्ज वीस हजारांच्या आतले. म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे गावच म्हणा ना! प्रत्येक शहराचा कारभार निराळा.

तिथे दुकानात वस्तू घेतली की किमतीवर विक्रीकर पडतो. त्यातला काही वाटा राज्याचा, काही स्थानिक संस्थांचा. आपल्याकडे नगरपालिकेला असा विक्रीकर नाही. मुंबईची जकातसुद्धा १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा बंद झाली. तिकडे मात्र असा स्थानिक कर वाढवायचा तर लोकांचे मत घ्यावे लागते. एखाद्या ठराविक कामासाठी म्हणून स्थानिक संस्थेनेच कर मांडला असला, तर तीन मतांपैकी दोन मते अनुकूल पडावी लागतात.

२०१६ साली बहुतेक काउंटीत हा विक्रीकर ९ टक्के होता. त्या वर्षी तिथल्या वाहतूक संस्थेने ‘मेझर एम’ नावाचा ठराव मांडला. कर आणखी अर्धा टक्का वाढवायचा. शिवाय २००८ साली लोकांनी मान्य केलेला दुसरा अर्धा टक्का २०३९ साली संपणार होता. तो संपला की नव्या कराचा दर एक टक्का व्हायचा. वर्षाला सुमारे ८६ कोटी डॉलर मिळतील, त्यातून रेल्वे, बसगाड्या, रस्ते होतील, असा हिशेब होता. लॉस एंजेलिसचे महापौर एरिक गार्सेटी ठरावाच्या बाजूने होते.

टॉरन्स, कार्सन, नॉरवॉक, सांता फे स्प्रिंग्ज ही लहान शहरे मात्र विरोधात गेली. त्यांचे वैर रस्त्याशी नव्हते, रेल्वेशीही नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की कर आमचे लोक पहिल्या दिवसापासून भरणार, आणि आमच्या भागातली कामे मात्र यादीच्या तळाशी. काही कामांचा मुहूर्त तर वीसएक वर्षांनंतरचा!

शिक्षक बंधुभगिनींनो, हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडून पाहा. एका कुटुंबाची वर्षाची करपात्र खरेदी १०,००० डॉलर धरा. अर्धा टक्का म्हणजे ५० डॉलर. वीस वर्षांत झाले १,००० डॉलर. काम सुरू होण्याआधीच घरातून एवढी रक्कम गेली. घरच्या स्वयंपाकासाठी घेतलेल्या अन्नधान्यावर तिथे हा कर नाही. पण कपडे, भांडी, वह्या यांवर आहे. आणि एकाच भांड्यावर मजुराला जेवढा कर, तेवढाच श्रीमंताला. मिळकत निराळी, कर सारखा. म्हणून विक्रीकराची झळ गरिबाला अधिक लागते.

दुसरा आक्षेप शब्दांचा होता. मतपत्रिकेवर लिहिले होते की मतदार बंद करायचे ठरवीपर्यंत कर चालू राहील. ही शहरे म्हणाली, “आडवळणाने का सांगता? कर कायमचा आहे, पुढे दर वाढणार आहे, हे सरळ लिहा.” ती न्यायालयात गेली. पण मजकूर बदलला नाही.

ठरावाच्या बाजूलाही बोलण्यासारखे होते, हे मान्य करायला हवे. सगळीकडे एकाच वेळी खणता येत नाही. कुणाचे तरी काम आधी, कुणाचे नंतर होणारच. टॉरन्सचा माणूस काही टॉरन्समध्येच फिरत नाही. शिवाय उत्पन्नातला १७ टक्के वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात सर्व शहरांना मिळणार होता, विरोध करणाऱ्यांनाही.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी मतदान झाले. सुमारे ७१ टक्के मते अनुकूल पडली, आणि १ जुलै २०१७ पासून वाढीव कर सुरू झाला. लहान शहरे हरली. मते साऱ्या काउंटीची एकत्र मोजायची. तिथे वीस हजारांच्या गावाचा आवाज तो किती पोचणार?

मग त्यांचा विरोध फुकट गेला का? मला तसे वाटत नाही. कर नकोच, असे म्हणणे सोपे आहे; त्याने गावाला पाणीही मिळत नाही आणि रस्ताही होत नाही. या शहरांनी त्याहून कठीण गोष्ट केली. त्यांनी तीन प्रश्न विचारले: पैसा कोण भरणार? काम कुठे आणि कधी होणार? आणि हे सारे लोकांना समजेल अशा भाषेत लिहिले आहे का?

आपल्या ग्रामसभेत पुढच्या खेपेस पाणीपट्टी वाढवायचा विषय निघेल, तेव्हा नुसते “नाही, नाही” म्हणून उठू नका, आणि मान डोलावून अंगठाही देऊ नका. हे तीन प्रश्न विचारा. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. वरच्या आळीला नळ यंदा आणि खालच्या आळीला पाच वर्षांनी, असे ठरत असेल, तर खालच्या आळीने पट्टी कधीपासून भरायची, याचाही निकाल त्याच बैठकीत लागला पाहिजे.